पहिला सिटी स्कॅन नॉर्मल आला तरी बाबांना पुन्हा दाखवा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा सत्तरीचे, तीन आठवड्यांपूर्वी स्कूटरवरून पडले, त्या रात्रीचा सिटी नॉर्मल होता. आता डोकं दुखतं, चिडचिड वाढलीय, डावी चप्पल चालताना निसटते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. नातेवाईक काहीही म्हणोत, हे वयावर ढकलू नका. आजच न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या.

मला जास्त काळजी वाटते ती चप्पलेची. एकाच पायातली निसटते आणि त्यांना कळतही नाही, म्हणजे त्या बाजूची ताकद कमी होत असू शकते. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्याच्या वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी फाटते आणि रक्त हळूहळू साचत राहतं. आजूबाजूला जागा असल्याने दाब जाणवायला कित्येक आठवडे लागतात. याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. पहिल्या रात्री दिसण्याइतकं रक्तच नसेल.

स्कॅनच्या वेळी पडल्याची तारीख आवर्जून सांगा. दोन-तीन आठवड्यांचं रक्त सिटीत मेंदूच्याच रंगाचं दिसू शकतं, नजरेतून सुटतं. जुनी फिल्म सोबत न्या. गोळीचं नाव, शेवटची कधी घेतली तेही सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका. रक्तात सोडियम आणि गोठण्याची तपासणी होईलच, नाही झाली तर विचारा. गुठळी निघालीच तर बऱ्याचदा कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढतात, आणि वेळेत झालं तर या वयातही माणसं छान सावरतात.

डिस्चार्ज कार्डावरच्या 'जीसीएस १५' वर, म्हणजे शुद्धीच्या मोजणीत मिळालेल्या पूर्ण गुणांवर, विसंबू नका. डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं एवढंच त्यात मोजतात. माझ्या भावाच्या डोक्याला मार लागला तेव्हा त्याच्या कार्डावरही १५ होते. पण दुकानाचा गल्ला मोजताना तो पुन्हा पुन्हा अडायचा. न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या (लक्ष, स्मरणशक्ती, विचार तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) चाचण्यांत लक्ष टिकत नसल्याचं निघालं. त्यामुळे सिटी स्वच्छ आला तरी थांबू नका, एमआरआय आणि या चाचण्यांबद्दल विचारा. बाबा तपासणीत 'मी ठणठणीत' म्हणतील. घरात काय बदललंय ते तुम्हीच सांगायचं. फोडणीचा वास येतो का, तेही पाहा, डोक्याला मार लागल्यावर वास जाऊ शकतो.

उलट्या, झटका (फिट), किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल तर सरळ १०८ ला फोन करा.