‘लोकशाही’तला ‘ल’ हिंदी वळणाचा का दिसतो?

प्रश्न : गावातील वाचनालयासाठी मी पुस्तकसूचीचा एक प्रोग्रॅम लिनक्सवर, जीटीके (प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणे रचण्याचे साधन) वापरून तयार केला आहे. माझ्या लॅपटॉपवर ‘लोकशाही’ हा शब्द आपल्या शाळेत गिरवतात त्याच वळणाने उमटतो, परंतु वाचनालयाच्या संगणकावर त्यातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकांतल्यासारखे दिसतात. दोन्हीकडे नोटो सॅन्स देवनागरी हाच फॉन्ट आहे. एक जुना फॉन्ट लावून पाहिला, तर ‘ॲरिस्टॉटल’मधला ‘ॲ’ तेवढा वेगळ्याच जाडीचा आला. मराठी वळणाचा दुसरा फॉन्ट शोधावा का?

उत्तर : फॉन्ट बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा मजकूर मराठी आहे, हे आपल्या प्रोग्रॅमने अद्याप कोठेही सांगितलेले नाही, आणि सारी अडचण तेथे आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, देवनागरी ‘ल’साठी ०९३२ आणि ‘श’साठी ०९३६ असा एकेकच संकेतांक आहे. आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि उजवीकडे पूर्ण उभा दंड असलेला हिंदी ‘ल’ ही युनिकोडच्या दृष्टीने एकाच अक्षराची दोन वळणे आहेत, त्यामुळे त्यांतले कोणते उमटावे याचा निर्णय फॉन्टवर सोपवलेला असतो. ओपनटाइप या प्रचलित प्रकारच्या फॉन्टमध्ये लिपीखाली भाषांचे कप्पे करता येतात. नोटोमध्ये मूळ वळण हिंदीचे आहे, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळले, की मराठीच्या कप्प्यातील नियमांनुसार तोच फॉन्ट पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ देतो.

मग आपल्या लॅपटॉपवर न सांगताच हे कसे साधले? जीटीकेमध्ये मजकूर मांडण्याचे काम पँगो करते, आणि मजकुराची भाषा सांगितलेली नसेल, तर ते संगणकाची भाषा पाहते. आपला लॅपटॉप बहुधा मराठीत आहे आणि वाचनालयाचा संगणक इंग्रजीत. इंग्रजी काही देवनागरीत लिहिली जात नाही. अशा वेळी पँगो त्या लिपीची नमुन्याची भाषा गृहीत धरते, आणि देवनागरीसाठी ती हिंदी ठरवलेली आहे. स्वतःच्या यंत्रावर सारे बरोबर दिसल्यामुळे हा दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या नजरेतून नेमका निसटतो, म्हणून मी त्यावर इतका वेळ थांबलो.

उपाय लहान आहे. पँगोच्या मार्कअपमध्ये, म्हणजे मजकुरात खुणा घालण्याच्या पद्धतीत, मजकुराभोवतीच्या ‘स्पॅन’ या खुणेला ‘लँग’ हा गुणधर्म देऊन त्यात मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहावा. मात्र संपूर्ण प्रोग्रॅमवर सरसकट मराठीचा शिक्का मारू नये, कारण सूचीत हिंदी पुस्तकेही असतील आणि त्यांच्या शीर्षकांना त्यांचे स्वतःचे वळण मिळाले पाहिजे. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत भाषेचा रकाना असतोच. गुणधर्माचे मूल्य तेथूनच घ्यावे. ग्रंथालयांच्या मार्क पद्धतीच्या नोंदींत मराठीसाठी ‘एमएआर’ हा तीन अक्षरी संकेत असतो, त्याचे ‘एमआर’मध्ये रूपांतर तेवढे करावे लागेल.

‘ॲ’ची गोष्ट वेगळी आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ते सहसा नसते. फॉन्टमध्ये नसलेले अक्षर संगणक दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो, म्हणून त्याची जाडी शेजारच्या अक्षरांशी जुळत नाही. येथे जुना फॉन्ट काढून टाकणे हाच मार्ग आहे.

बदल केल्यावर संगणकाची भाषा इंग्रजी ठेवूनच तपासणी करावी. ‘लोकशाही’ हा शब्द एका ओळीत मराठी म्हणून आणि दुसऱ्या ओळीत हिंदी म्हणून दाखवावा. दोन्ही ओळी सारख्याच दिसल्या, तर एक तर भाषेचा संकेत पँगोपर्यंत पोहोचत नाही, किंवा त्या संगणकावर नोटोऐवजी मराठीचा कप्पा नसलेला दुसराच फॉन्ट निवडला जात आहे.