आई गेल्यावर फोन कोणी करायचा?

"आई गेली आणि माझं माहेर संपलं." हे वाक्य मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षातून कितीदा तरी ऐकते. बोलणारी बाई चाळिशी-पन्नाशीची असते. भाऊ असतो, घर जागेवर असतं, भांडण म्हणावं असं काही झालेलं नसतं. तरी येणं-जाणं थांबलेलं असतं. शेवटी प्रश्न येतो तो असा: "मीच किती दिवस पुढे पुढे करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मी एका ताईंच्या अनुभवातून देते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ताई नाशिकच्या सिडकोत राहतात, मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत. माहेर दिंडोरी तालुक्यात, गाडीने तासाभराच्या आत. आई श्रावणात गेली. दिवाळीत भाऊबीजेला दादा आला नाही. त्याचा फोन नाही, म्हणून ताईंनीही केला नाही. मार्गशीर्षात दोघं नवरा-बायको सप्तशृंगी गडावर निघाले. वणीच्या रस्त्याला माहेरचा फाटा लागतो. तिथं मिस्टरांनी गाडी हळू केली. "वळू का?" ताई म्हणाल्या, "चला पुढे." गड येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. पुढच्याच आठवड्यात त्या माझ्यासमोर बसल्या होत्या.

मी त्यांना मोबाईल काढायला सांगितला. दादाच्या नावावर जाऊन जुने कॉल बघा म्हटलं. तीन निघाले. एक आईला दवाखान्यात हलवलं त्या रात्रीचा, दोन दहाव्या-तेराव्याच्या तयारीचे. सगळ्यात मोठा दीड मिनिटाचा. मग आईचा नंबर उघडला. बोटानं वर सरकवत गेलं तरी यादी संपेना. रोज संध्याकाळी, साडेसातच्या आसपास, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं.

"दादाशी तुमचं बोलणं कधी व्हायचं?" मी विचारलं.

त्या जरा थांबल्या. "आईकडून कळायचं ना सगळं."

माझ्या मते दुखणं इथेच होतं. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांबरोबर काम करताना एक गोष्ट मांडली: दोन माणसांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये घेतात, आणि असा त्रिकोण पुष्कळ काळ टिकतो. आपल्या घरांत ही तिसरी व्यक्ती बहुतेक वेळा आई असते. निरोप तिच्यामार्फत जातात, रुसवे तीच काढते, बोचरा शब्द गाळून पुढचा शब्द पोचवते. ती आहे तोवर भाऊ-बहिणीला वाटतं, आपलं किती छान आहे. ती जाते तेव्हा दोघांना एकमेकांशी थेट बोलायची सवयच उरलेली नसते. त्याला आपण म्हणतो, माहेर संपलं. मी ताईंना सांगितलं, नातं संपलेलं नाही, ते आजवर आई एकटीच सांभाळत होती. आता त्यातला तुमचा वाटा तुमच्याकडे आलाय.

मध्ये एक कागदही होता. तो अशा बहुतेक घरांत असतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची होती आणि गावातलं कोणीतरी बोलून गेलं होतं, "तुमची हक्कसोडची सही राहिलीय." तेव्हापासून ताईंच्या मनात घर करून बसलं की दादाचा फोन आला तर तो सहीसाठीच येणार. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तो सोडायचा की ठेवायचा, हे तिने वकिलाकडून समजून घेऊन ठरवावं. माझं म्हणणं एवढंच होतं, आणि त्यावर मी अडून बसले, की कागदाची बोलणी आणि नात्याची बोलणी एका दिवशी, एका फोनवर करायची नाहीत. सही हे माहेरपणाचं भाडं नाही. सही दिली तरच साडी-चोळी, असं जिथं असतं तिथलं माहेर मुळातच डळमळीत असतं.

राहिला मानाचा प्रश्न, आधी फोन कोणी करायचा. ताई म्हणाल्या, "तो मोठा आहे, त्यानं करावा." हे मी खोडून काढलं नाही, कारण त्यांना लागलं होतं ते खरंच होतं. फक्त विचारलं, भाऊबीजेच्या सुमारास पाऊस झाला होता का? आठवून म्हणाल्या, "हो, दोन-तीन दिवस." दादाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलोऱ्यात आलेल्या बागेवर पाऊस झाला की डाऊनीसारखा बुरशीचा रोग आणि घडांची गळकूज वर्षाचं पीक घेऊन जाते. द्राक्षवाला माणूस त्या दिवसांत ट्रॅक्टरवरून उतरत नाही. ताई याच घरात वाढल्या, त्यांना हे माझ्याहून जास्त माहीत होतं. आई असती तर तिने संध्याकाळी साडेसातला हेच सांगितलं असतं, आणि राग तिथल्या तिथं निवला असता.

मग आम्ही फोनची तयारी केली. तक्रार नाही, "तू तर विसरलासच" नाही, आईचा विषयही लगेच नाही. ज्याचं उत्तर फक्त दादाच देऊ शकेल असा एक प्रश्न विचारायचा. डिसेंबर संपत आला होता, थंडी कडाक्याची होती. ताईंनी विचारलं, "थंडीनं बागेचं काय?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "पहाटे चारला उठून शेकोट्या पेटवतोय, ड्रीप सोडतोय. फुगवणच थांबलीय मण्यांची." आणि बोलतच राहिला. अकरा मिनिटं. शेवटी त्याने विचारलं, "तुझं गुडघ्याचं कसं आहे?" ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज फुटत नव्हता.

त्यानंतर दर रविवारी एक फोन, पाच मिनिटांचा का होईना. मोठे समेट मला फारसे भरवशाचे वाटत नाहीत. ठरल्या वेळी येणारा साधा फोन वाटतो.

महाशिवरात्रीच्या सुमारास दादा द्राक्षांचं क्रेट घेऊन सिडकोत आला आणि ताई त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, टोपी हातात. म्हणाला, "मॅडम, हिला माझी काळजी होती हो. आई सांगायची, ती रोज विचारते तुझी पाठ कशी आहे."

ताईंनी वळून बघितलं. "मी कधी विचारलंच नाही रे. मला तर आई सांगायची, दादा म्हणतोय ताईला मेथी पाठव."

"मी नाही कधी म्हटलं."

दोघंही गप्प झाले. मग दादाला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याने टोपीनं डोळे पुसले. त्या दिवशी मला काही बोलावं लागलं नाही.

एक काम त्यानंतरही उरलं होतं, आणि ते दादाशी नव्हतं. तेराव्याला ताई स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा आईचा पितळी मिसळणाचा डबा जागेवर नव्हता, फडताळाचा क्रम बदलला होता. ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मी म्हटलं, ते घर आता वहिनींचं आहे. आईच्या वेळी तुम्ही थेट चुलीपाशी जात होतात, आता वहिनींना विचारून जा. त्यांच्याशीही वेगळा फोन होऊ द्या, दादाची बायको म्हणून नाही, त्यांच्याशी म्हणून. हा सल्ला ताईंना आवडला नाही. दोन भेटी त्या याच्यावरच बोलल्या.

हे सगळं सगळ्यांना लागू नाही, हेही सांगते. जिथं मारहाण झाली, धाक दाखवून सह्या घेतल्या, तिथं मी फोन करा असं सांगत नाही. तिथं आधी बाईची सुरक्षितता.

चैत्रात ताई पुन्हा गडावर निघाल्या. फाट्यावर मिस्टरांनी काही विचारलं नाही, गाडी वळवली. दारात चप्पल काढून ताईंनी हाक मारली, "वहिनी, आत येऊ का?" चहा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "ताई, आईंचा डबा माळ्यावर ठेवलाय. झिजलाय म्हणून वापरत नाही. काढून देऊ?"

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आले की बघू."