फोटो चिकटवला, पुढे काय?

प्रश्न : सर, मी नववीत आहे, कन्नड तालुक्यातली. ‘वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरलं’ असा निबंध लिहिला, दोन फोटो चिकटवले, एक दाराचा, एक डोंगरावरून घेतलेला. बाईंनी शेरा मारला, ‘फोटो शोभेचे.’ काय चुकलं?

उत्तर : बाईंचं बरोबर आहे गं! तीस वर्षं वह्या तपासल्या. डिंक भरपूर, फोटोबद्दल वाक्य एकही नाही.

दाराचा फोटो काढून टाक, तो तुझ्या बाजूनं काहीच बोलत नाही. डोंगरावरून घेतलेला ठेव. खाली लिही : ‘तिन्ही बाजूंना उभा कातळ आहे आणि कळस मागच्या कड्याच्या खालीच आहे. म्हणजे आधी डोंगर वरून खणत आत उतरले.’ अंगणातल्या हत्तीचा एक जवळून घेतलेला फोटो जोड. सोंड तुटलीय बिचाऱ्याची, पण साक्षीला पाय पुरतात. ते खालच्या खडकातूनच निघालेत, सांधा नाही. मात्र हत्तीच्या फोटोवरून ‘रचलं नाही, कोरलं’ एवढंच ठरतं, ‘वरून खाली’ नाही. तसं लिहून टाक.

आणि ‘आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण’ हे कुठल्याच फोटोत दिसणार नाही. तिथं ताम्रपटाचा आधार दे. फोटो कुणी, कुठून काढला तेही खाली टाक. मामानं मोबाइलवर काढला असेल तर मामाचं नाव.