कपातीत नोकरी गेली, आता मुलाखतीला जायची हिंमत होत नाही. आत्मविश्वास परत कसा आणू? (नागपूर)

आत्मविश्वास येण्याची वाट बघू नका. आधी रोज एक छोटं काम पूर्ण करायला लागा, तो मागून येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं: ‘मला जमतं’ ही भावना सर्वात जास्त प्रत्यक्ष जमवून दाखवल्याने पक्की होते, कुणी धीर दिल्याने तेवढी नाही. मी हिंगणा एमआयडीसीत भरतीचं काम बघतो. ‘आधीची नोकरी का सुटली?’ विचारलं की पुष्कळ जण मान खाली घालून लांबलचक खुलासे देत बसतात आणि घात तिथेच होतो. ‘कपात झाली, त्यात माझी जागा गेली’ एवढं पुरतं. त्याला जोडूनच तिथे काय काम करत होतात ते सांगा. हे आरशासमोर नाही, मित्रासमोर मोठ्याने म्हणून बघा. तेव्हा जीभ कुठे अडखळते ते कळतं. मग

- पहिली मुलाखत अशा ठिकाणी द्या जिथे नकार आला तरी फारसं बिघडत नाही.
- जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. बुटीबोरी, मिहानकडच्या कितीतरी जागा ओळखीतूनच कळतात.

‘काहून भाऊ, आज ड्युटी नाही का?’ असं शेजारी विचारतील म्हणून घरात कोंडून घेऊ नका, विचारणारे विचारणारच. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर एवढ्याने भागणार नाही. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.