खाताना मांजराचा जबडा का थरथरतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मांजरांच्या तोंडाविषयीचीच निघाली, त्यामुळे हा अंक त्यांनाच दिला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात वर्णन केलेला त्रास मुंबईतल्या कितीतरी घरांतल्या मांजरांना असतो आणि तो बहुधा फार उशिरा लक्षात येतो.

प्रश्न : आमची मनी नऊ वर्षांची आहे. गेले दोन महिने ती खायला बसली की मान डावीकडे कलती करते, मध्येच तिचा खालचा जबडा कटकट वाजू लागतो, घास तोंडातून खाली पडतो आणि ती भांड्याकडे पाहून फिस्कारत पलंगाखाली पळते. कधी कधी तोंडात काही नसतानाही हवेत चाटल्यासारखी जीभ फिरवते. ओठ उचलून पाहिले तर दात चांगले पांढरे दिसतात आणि भूकही आहे. ओले खाणे नाकारते, पण कोरडे दाणे खाते. सासूबाईंचे म्हणणे आहे की दात ठणकत असेल, लवंगेचे तेल लावावे. लावू का? – वाचक, गिरगाव

उत्तर : लवंगेचे तेल कृपा करून लावू नका. सासूबाईंचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मला मोठी वाटते. मनीचा दात खरोखरच ठणकत असेल. परंतु माणसाच्या दाताला आराम देणारा त्या तेलातला युजेनॉल हा घटक मांजराच्या यकृताला नीट पचवून बाहेर टाकता येत नाही आणि त्याची विषबाधा होऊ शकते. हेच पॅरासिटामॉलचे आहे. घरच्या डब्यातली अर्धी गोळी माणसाला किरकोळ वाटते, पण तेवढ्यानेही मांजराच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक निकामी होऊन त्याचा जीव जाऊ शकतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही तितकीच धोक्याची आहेत. ही सूचना सुरुवातीलाच दिली, कारण पुढचे सगळे वाचण्याआधी कोणी डबा उघडू नये एवढीच माझी इच्छा आहे.

आता त्या कटकटीकडे वळू. मांजराचा जबडा फक्त वर-खाली हलतो. गाईसारखा आडवा फिरवून रवंथ करण्याची सोयच त्याला नाही. त्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून मांस कापतात. अशा जबड्यात एका बाजूची दाढ दुखू लागली की मांजर घास दुसऱ्या बाजूला सरकवण्यासाठी मान कलती करते. दुखऱ्या जागेला अन्नाचा किंवा स्वतःच्याच जिभेचा स्पर्श झाला की जबड्याचे स्नायू आपोआप झटके देतात, आणि तुम्हाला ऐकू येणारी कटकट तीच असावी. भांड्याकडे पाहून फिस्कारणेही याच्याशी सुसंगत आहे, कारण कळ कुठून आली हे तिला कळत नाही आणि ती समोरच्या भांड्याला दोष देते.

दात पांढरे दिसतात, असे तुम्ही लिहिले आहे. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या वाक्याची, कारण याच वाक्याने अनेक मांजरांचे उपचार वर्षवर्ष लांबलेले मी पाहिले आहेत. माणसासारखी दातांची कीड मांजरांत जवळजवळ आढळत नाही. त्यांच्यात होतो तो दात विरघळण्याचा आजार : शरीरातल्याच विशिष्ट पेशी दाताचा कठीण भाग खाऊ लागतात. हे का सुरू होते, याचे निश्चित कारण विज्ञानाला अद्याप सापडलेले नाही. प्रौढ मांजराच्या ३० दातांपैकी कोणताही दात यात सापडू शकतो, पण सर्वाधिक वेळा सापडते ती खालच्या जबड्यात सुळ्यामागची मोकळी जागा सोडून येणारी पहिली दाढ. वरचा भाग शुभ्र असतो आणि हिरडीच्या कडेला, नेमका ओठ उचलून पटकन पाहताना न दिसणारा, एक खड्डा पडलेला असतो. पुष्कळदा हिरडी वाढून तो खड्डा झाकते. तेव्हा दाताच्या मुळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल ठिपका दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की हिरडी जरा सुजली आहे. त्या ठिपक्याला उपकरणाचे टोक लावले, तर पूर्ण भुलेत निपचित पडलेल्या मांजराचाही जबडा थरथरतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझा हात थबकला होता. झोपेतही जी कळ पोहोचते, ती जागेपणी दिवसातून दोन वेळा सोसून हे जनावर जेवत होते, हा विचार त्यानंतर कधी मनातून गेला नाही.

भूक आहे म्हणजे दुखत नसावे, हा समजही सोडून द्यावा लागेल. भूक आणि वेदना एकाच वेळी असू शकतात. कोरडे दाणे अनेक मांजरे न चावताच गिळतात, म्हणून तोंड दुखणारे मांजर काही वेळा ओले सोडून कोरडेच पसंत करते, आणि घरच्यांना वाटते की कडक दाणे खाते आहे त्या अर्थी दात ठणठणीत आहेत.

आता करायचे काय, ते सांगते. सर्वप्रथम मनीचा जेवतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात ती दगडासारखी बसून राहील आणि डॉक्टरांना यातले काहीच दिसणार नाही. व्हिडिओत तिचा चेहरा आणि डोळे स्पष्ट यायला हवेत. तोंडाच्या विचित्र हालचाली झटक्याच्या, म्हणजे फिटच्या आजारातही होतात; फरक असा की फिटमध्ये मांजर हाकेला प्रतिसाद देत नाही, लाळ गळते, आणि त्या हालचालींचा खाण्याशी संबंध नसतो, तर दातदुखीत ते भानावर असते आणि हालचाल खाताना, जांभई देताना किंवा अंग चाटताना सुरू होते. मळमळीतही मांजरे वारंवार ओठ चाटतात, आणि नऊ वर्षांच्या मांजरात त्यामागे मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. म्हणून रक्ताची तपासणी करून घ्या. भूल देण्याआधी ती तशीही करावीच लागते.

यानंतरची पायरी भूल देऊन दातांचा एक्स-रे काढण्याची आहे. हाडांचे फोटो काढणाऱ्या मोठ्या यंत्रावर एकेका दाताचे मूळ नीट दिसत नाही. त्यासाठी तोंडात ठेवायची छोटी फिल्म किंवा सेन्सर लागतो. ही सोय सगळ्या दवाखान्यांत नसते, म्हणून मांजर टोपलीत घालून टॅक्सीत बसण्याआधी फोन करून विचारा. एक्स-रेचा आग्रह मी एका कारणासाठी धरते : काही दातांत मूळ शाबूत असते आणि ते संपूर्ण काढावे लागते, तर काहींत मुळाचे हाडच बनून गेलेले असते आणि तिथे फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवणे योग्य ठरते. बाहेरून पाहून हे ठरवता येत नाही. असे दात भरून उपयोग होत नाही, कारण विरघळणे भरलेल्या जागेखाली चालूच राहते. भूल न देता दात साफ करून देऊ असे कोणी सांगितले, तर नम्रपणे नकार द्या. त्यात वरचे किटण निघते, दात चकचकीत दिसतात आणि आजार हिरडीखाली तसाच राहतो.

आणखी एक. मनीने पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, आणि अंगाने भरलेल्या मांजरांत हा धोका विशेष असतो.

प्रश्न : आमचे पिल्लू पाच महिन्यांचे आहे. सोफ्यापासून चार्जरच्या वायरपर्यंत सगळे चावते. शिवाय बाहेरून आलेल्या चपला हुंगून तोंड अर्धवट उघडे ठेवते आणि खिडकीतल्या कबुतरांकडे पाहून दात वाजवते. हे आजाराचे लक्षण आहे का? – वाचक, मुलुंड

उत्तर : नाही, तिन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. साधारण सहा महिन्यांपर्यंत दुधाचे २६ दात पडून कायमचे दात येतात, म्हणून सध्या हिरड्या शिवशिवत असतील. वायरी मात्र आजच झाकून टाका. तोंड उघडे ठेवून ते वास टाळूवरच्या एका खास इंद्रियापर्यंत पोहोचवते, आणि पक्षी पाहून दात वाजवणे हे शिकारीच्या उत्तेजनेतून येते. यातले काहीही जेवताना दिसू लागले, किंवा दुधाचा सुळा न पडता त्याच्या शेजारी कायमचा सुळा उगवला, तर दाखवून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या मांजरांना मी रोज खायला घालतो. त्यांतल्या एका बोक्याचे तोंड कालपासून अर्धवट उघडे आहे, लाळ गळते आहे आणि तो पंजाने तोंड ओरबाडतो आहे. माशाचा काटा अडकला असेल तर मी काढू शकतो का? – वाचक, घाटकोपर

उत्तर : तुमची कळकळ समजते, पण तोंडात हात घालू नका. बांगड्याचा काटा दाढांमध्ये किंवा टाळूला आडवा अडकल्याने असे होऊ शकते. जिभेखाली दोरा अडकूनही होते. गजऱ्याचा दोरा किंवा मांजा एका टोकाला जिभेत अडकतो आणि दुसऱ्या टोकाने आतड्यात गेलेला असतो. तो ओढला तर आतडे चिरले जाते. पण याहून गंभीर शक्यता रेबीजची आहे. रस्त्यावरच्या ज्या मांजराचे लसीकरण झाल्याची खात्री नाही, त्याची लाळ अचानक गळू लागली, जबडा लोंबू लागला किंवा स्वभाव एकाएकी बदलला, तर रेबीज नाही असे सिद्ध होईपर्यंत तो आहे असे समजूनच वागावे. मुलांना दूर ठेवा आणि प्राणी पकडण्याचे प्रशिक्षण असलेल्या स्वयंसेवी संस्थेला किंवा पशुवैद्यकीय रुग्णालयाला फोन करा. या दोन दिवसांत त्याचा दात किंवा नख तुम्हाला लागले असेल, किंवा लाळ जखमेवर पडली असेल, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि आजच रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. ओरखडा लहान आहे म्हणून उद्यावर टाकू नका.

प्रश्न : आमच्या बोक्याला हिरड्यांचा आणि घशाच्या बाजूचा तीव्र दाह होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा आठवड्यांपूर्वी सुळे सोडून बाकी सगळे दात काढले. मनाला फार लागले. आता तो जेवतो, पण अजूनही मधूनच हवेत चावतो आणि जीभ जोरजोरात बाहेर काढतो. आम्ही चूक केली का? – वाचक, दादर

उत्तर : तुम्ही चूक केलेली नाही. या दाहात मांजराचे शरीर तोंडातल्या जंतूंविरुद्ध इतकी तीव्र प्रतिक्रिया देते की दात असेपर्यंत ती शमत नाही. मांजरांत सर्दी आणि तोंडात फोड आणणाऱ्या कॅलिसी विषाणूचा त्याच्याशी वारंवार संबंध दिसतो. दात काढल्यावर बहुसंख्य मांजरांना मोठा आराम पडतो, परंतु तो यायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि काहींना पुढेही औषधे द्यावी लागतात. तेव्हा सहा आठवड्यांवर निकाल देऊ नये.

तरीही त्या हालचालींकडे दुर्लक्ष नको. आधी जखमा भरल्या आहेत का आणि एखाद्या मुळाचा तुकडा आत राहिला आहे का, हे एक्स-रेने पाहून घ्या. उरलेल्या सुळ्यांभोवती लाली असेल तर तेही काढण्याचा विचार करावा लागेल. सगळे ठीक निघाले, तर वेदना चेहऱ्याच्या नसेत उरलेली असू शकते. चेहऱ्याच्या वेदनेचा असा एक विकार मांजरांत ओळखला गेला आहे, ज्यात जनावर बहुधा एका बाजूला जोरजोरात चाटते, चावते आणि पंजाने तोंड ओरबाडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ११३ मांजरांच्या अभ्यासात १०० मांजरे बर्मीज जातीची होती, पण आपल्याकडच्या साध्या मांजरांत तो होतच नाही असे नाही. तोंडाचे दुखणे आणि मनावरचा ताण, दोन्हींनी तो चाळवतो. त्यावर नसांच्या वेदनेची, गॅबापेंटिनसारखी औषधे पशुवैद्य देतात. मात्रा त्यांनीच ठरवायची असते. जीभ किंवा गाल तो स्वतः चावून रक्त काढत असेल, तर गळ्यात शंकूच्या आकाराची, पंजा तोंडापर्यंत जाऊ न देणारी कॉलर घालून त्याच दिवशी दाखवा.

घरात नवे जनावर आणणे किंवा रंगकाम काढणे तूर्त टाळा. खाण्याला ओले पाउच कोमट पाण्यात कालवून द्या, किंवा काटे नीट काढलेला मासा नुसत्या पाण्यात शिजवून, बोटांनी कुस्करून द्या. आपल्या कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी चालणार नाही, कारण त्यात कांदा आणि लसूण मुरलेले असतात आणि ते मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. भांडे पसरट असू द्या, म्हणजे त्याला दुखऱ्या तोंडाने कडेशी झटावे लागणार नाही, आणि चार आठवड्यांनी त्याचे वजन व एक नवा व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा.