तुरुंगातल्या आचरट विनोदी सिनेमातून एकांकिकेसाठी काय घ्यावं?

बेळगावजवळच्या खानापूरच्या नाट्यमंडळाला 'लेट्स गो टू प्रिझन' (२००६) हा अमेरिकी सिनेमा बघून एकांकिका लिहायचीय, त्यातलं काय घ्यावं, असा प्रश्न आहे.

मांडणी घ्या. जॉन हा सराईत गुन्हेगार; त्याला वारंवार आत टाकणारा न्यायाधीश तो सुटेपर्यंत वारलेला असतो. मग जॉन न्यायाधीशाच्या माजोरड्या पोराला तुरुंगात अडकवतो आणि स्वतः मुद्दाम पकडला जाऊन त्याच्याच कोठडीत येतो. पात्रं दोन, जागा एक, हेतू स्पष्ट.

सगळ्यात भारी बॅरी, तिथलाच एक कैदी. धिप्पाड, सगळे त्याला टरकून, आणि हा त्या पोराला संडासात आंबवलेली दारू पाजून त्याच्यावर हळुवार प्रेम करतो! हसू येतं ते त्याच्या देहात आणि आवाजात जो विरोध आहे त्यातून, शिव्यांतून नव्हे. नटाने पूर्ण गंभीर राहायचं. तो स्वतः हसला की प्रसंग पडलाच.

बलात्काराच्या धमक्यांवरचे विनोद मात्र गाळाच. त्यात बळीच हास्याचा विषय होतो, आणि तेच तेच आल्याने धारही जाते. पोरगा आत रुळला की सूडाची गंमतही ओसरते, म्हणून तिथेच आटपा.

आपल्याकडे तुरुंग म्हटलं की बेळगावचा हिंडलगाच आठवतो. वॉर्डरचा हुकूम कानडीत ठेवा, कैद्यांचं 'काय करालास' बेळगावी मराठीत.