ग्वादियानाच्या काठी राहायला जाताना

गेल्या अंकात पोर्तुगालमधल्या अल्कोतीं या गावाबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेते आहे. ज्यांच्या हाती तो अंक नव्हता त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की हे गाव ग्वादियाना नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि समोरच्या काठावर स्पेनमधलं सानलुकार. मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने आमचं बिऱ्हाड काही काळ तिथे होतं.

ताई, आम्ही दोघंही निवृत्त. मुलगा लिस्बनला असतो. तो म्हणतो, शहरात कंटाळाल, त्यापेक्षा नदीकाठच्या गावात भाड्याने घर घेऊ, डिसेंबर ते फेब्रुवारी राहा. थंडीचं आम्हाला काही नाही, नागपूरची थंडी जन्मभर काढली आहे. जावं का?
— एक दांपत्य, त्रिमूर्तीनगर

जरूर जा. पण डिसेंबरात नको, मार्चमध्ये जा. मुलगा काय म्हणतो ते बाजूला ठेवा. राहायचं तुम्हाला आहे.

नागपूरची थंडी कोरडी. सकाळी गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसलं की दहापर्यंत अंग मोकळं होतं. तिथे पाऊसच हिवाळ्यात पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांचा पावसाळा, आणि जून ते ऑगस्ट खडखडीत कोरडे. रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष! विशेष हे, की गारठा घरात असतो. जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वरून चुन्याचा पांढरा हात, खिडक्या लहान, खाली फरशी. ती बांधली आहेत चाळीस अंशांच्या उन्हाळ्यासाठी. जुलैत अशा घरात कूलरशिवाय दुपारची झोप लागते. जानेवारीत त्याच भिंती ओल धरतात, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके येतात, धुतलेले कपडे सुकता सुकत नाहीत, आणि दुपारी घरापेक्षा रस्त्यावर जास्त ऊब असते. गुडघे दुखत असतील तर हे अंगावर घेऊच नका.

म्हणून घर बघताना खिडकीतून नदी दिसते का, हे शेवटी विचारा. आधी शेकोटीची सोय आहे का आणि लाकडं कोण आणून देतं ते विचारा. पाणी गॅसवर तापत असेल तर सिलिंडर वर कोण चढवणार तेही विचारा. तिथे तो बहुधा १३ किलोचा असतो. विजेचा मंजूर भार किती, हा प्रश्न तर आपल्याला सुचतही नाही. लहान घरांना पुष्कळदा ३.४५ केव्हीए एवढाच भार असतो. हीटर चालू ठेवून ओव्हन लावला की मेन पडलाच समजा. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत.

घर अगदी पाण्याला लागून असेल तर पुराचीही चौकशी करा. १८७६ च्या डिसेंबरात ग्वादियानाला आलेल्या महापुराची आठवण त्या खोऱ्यात अजून काढतात. २००२ साली वरच्या अंगाला अल्केव्हा धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि नदी बरीच आवरली गेली, तरी काठच्या घराचा तळमजला बघूनच घ्यावा.

मार्च ते मे मात्र फार सुंदर. टेकड्यांवर पांढऱ्या फुलांची झुडपं फुलतात, दिवस मोठा होतो, म्हातारी माणसं दारात खुर्च्या टाकून बसतात. तुम्हाला बोलायला माणसं हवीत ना? ती तेव्हाच भेटतील.

आणि व्हिसा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, येण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. होडीने पलीकडे स्पेनला गेलात तरी मोजणी थांबत नाही, कारण स्पेनही शेंगेनमध्येच आहे. ‘तीन महिने’ म्हणून तिकीट काढाल आणि मधला महिना ३१ चा निघेल, तेव्हा दिवस मोजूनच काढा.

मी २४ वर्षांची, आर्किटेक्चर झालं आहे. एकटीच युरोपला जाते आहे. अशा गावासाठी एक दिवस पुरेल का? आणि मी शाकाहारी आहे, खायचे हाल होतील का?
— एक वाचक, महाल

एक दिवस अजिबात नको गं. दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना गाव दिसतच नाही. निदान चार रात्री तरी ठेव, त्याही सोमवार ते शुक्रवारच्या मधल्या, कारण शनिवार-रविवारी बस मिळेल या भरवशावर राहता येत नाही. रेल्वे फारो शहराहून समुद्राच्या कडेने विला रेआल दे सांतो आंतोनियो या गावापर्यंत येते. तिथून पुढे रस्ताच.

गावात चौदाव्या शतकातला किल्ला आहे. १३७१ साली पोर्तुगाल आणि कास्तील (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) यांच्या राजांमध्ये इथेच तह झाला. पण मी सांगेन, सकाळी नदीवर जाऊन बस. समुद्राची भरती नदीतून पार वर मेर्तोला गावापर्यंत चढते, त्यामुळे मधोमध नांगरलेल्या शिडाच्या बोटी भरती-ओहोटी बदलली की हळूहळू तोंड फिरवतात. समोरच्या सानलुकारच्या चर्चमध्ये बाराचे ठोके पडतात तेव्हा तुझ्या काठावर अकराच वाजलेले असतात. तिथून इकडे नदीवरून तारेला लटकून येण्याची सोय आहे, ७२० मीटरची. निघाल्या वेळेच्या तासभर आधी पोचशील!

या शांत पाण्यावरून एके काळी रात्री चोरटा माल जायचा. दोन्हीकडे हुकूमशाही, दोन्हीकडे गरिबी, आणि कॉफीच्या पोत्यांवर घरं चालायची. गावात तस्कराचा आणि पहारेकऱ्याचाही पुतळा आहे. दोघंही याच मातीतले गरीब होते, म्हणून दोघांचे पुतळे असणं मला फार मोलाचं वाटतं. कॅफेत बसलेल्या आजोबांना विचारलंस तर ते सांगतात, फक्त घाई करू नकोस.

आर्किटेक्चरवाली आहेस तर एक दिवस मेर्तोलाला दे. तिथलं चर्च आधी मशीद होतं. घोड्याच्या नालेसारख्या कमानीची दारं आणि वेदीमागचा मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आजही जागेवर आहेत. १९७८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन चालू आहे आणि सापडलेल्या वस्तू गावातच मांडल्या आहेत.

आता जेवण. ‘सैं कार्न’ म्हणजे मांस नको, ‘सैं पेश’ म्हणजे मासे नकोत, दोन्ही म्हण. तेवढ्याने भागत नाही. हॅमचा तुकडा किंवा सॉसेजची चकती पुष्कळांना मांसात धरावीशी वाटत नाही, आणि हिरव्यागार भाजीच्या सूपमध्ये नेमकी तीच चकती तरंगत असते. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचार. रागावत नाहीत.

पण नदीच्या वरच्या अंगाला आलेंतेझू प्रांतात, म्हणजे मेर्तोलाच्या बाजूला, ‘असोर्दा’ मिळाला तर सोडू नकोस. आमच्या शेजारच्या बाई मूळच्या तिकडच्या. त्या करताना मी ओट्याशी उभी राहून बघायची. लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात बारीक कुटायची, ती वाडग्यात काढून वर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी. शिळ्या पावाचे हाताने तोडलेले तुकडे त्यात बुडवायचे. कोथिंबिरीचा वास खालच्या रस्त्यापर्यंत जायचा. वरून पाण्यात शिजवलेलं अंडं सोडतात, ते नको म्हण. पाणी मात्र साधंच आहे, माशाचं नाही, याची खात्री कर. याखेरीज ताजं चीज, ऑलिव्ह, अंजीर, बदाम आणि आल्गार्वची, म्हणजे अल्कोतीं ज्या प्रांतात आहे तिथली, संत्री आहेतच. सालं आपल्या संत्र्यासारखी सुटत नाहीत, सुरी लागते, पण रस गोड. डाळ-मसाले लिस्बनच्या मार्तीं मोनीश भागातून आधीच घेऊन ठेव.

दुपारी दुकानं बंद असतात. पाणी, फळं सकाळीच घे.

वय ५८. पेन्शन आहे. अमरावती रोडवरचा फ्लॅट विकून तिथेच एखादं जुनं घर घ्यावं आणि कायमचं राहावं असं मनात आहे. आपलं मत?
— एक वाचक, नागपूर

फ्लॅट विकू नका. आधी एक पूर्ण वर्ष भाड्याने राहा, हिवाळ्यासकट.

स्वतःच्या नियमित उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी पोर्तुगालचा डी-७ व्हिसा आहे. महिन्याचं उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाएवढं दाखवावं लागतं. २०२५ साली ते ८७० युरो होतं. पत्नी सोबत असेल तर त्याच्या निम्मं आणखी. ही किमान अट झाली, यात पडक्या घराची डागडुजी बसत नाही.

मला काळजी वाटते ती दवाखान्याची. गावात आरोग्य केंद्र आहे, मोठं इस्पितळ फारोला. गाडी चालवता येत नसेल, किंवा पुढच्या दहा वर्षांत चालवता येणार नसेल, तर या प्रश्नाचं उत्तर घर घेण्याआधी मिळवा. पूर्ण तालुक्याची वस्ती अडीच हजारांच्या आसपास, त्यातही म्हातारी माणसं फार. तरुण मंडळी किनाऱ्याकडे किंवा परदेशी गेली. शेजारी मायेचे आहेत, पण तेही सत्तरी-ऐंशीतले.

तरीही गेलात, तर सामान सगळं शहरातल्या मोठ्या दुकानातून भरून आणू नका. गावातल्या वाणसामानाच्या दुकानातून घ्या, पाववाल्याला दारावर पिशवी टांगून ठेवा, कॉफी गावातल्या कॅफेतच प्या. चार घरांचा पाव कमी झाला की पावाची गाडी त्या वाटेने येणं बंद होतं, आणि मग ज्या आजींना चालवत नाही त्यांची पंचाईत होते. बाहेरून राहायला येणाऱ्याकडून गावाची एवढीच अपेक्षा असते आणि ती रास्त आहे.

भाषा आजपासून सुरू करा. मोबाईलवरच्या पुष्कळ ॲपमध्ये ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. तुम्ही पोर्तुगालची शिका. तिकडे स्वर गिळून बोलतात, त्यामुळे वाचनापेक्षा ऐकण्याचा सराव जास्त ठेवा. आणि रोजच्या गोळ्यांची नावं कंपनीच्या नावाने नव्हे, मूळ औषधाच्या नावाने डॉक्टरांकडून लिहून घ्या, तिथल्या केमिस्टला तीच कळतात.